कासवनाकाच्या पलीकडचा वास

मयुरीने ताट पुढे सारलं आणि म्हणाली, "ह्यो आमच्यो कुर्ल्यो."

दर्शनाला वाटलं, शेजारच्या करंजण गावात राहणारी धाकटी बहीण थट्टा करतेय. गणपती पोचवून झाले होते, श्रावणापासून बंद असलेलं मासळीचं तिखट घरात पुन्हा शिजायला लागलं होतं, आणि मयुरी येणार म्हणून दर्शनाने सकाळच्या ओहोटीला सापडलेल्या सगळ्यांत भरलेल्या कुर्ल्या, खाडीतले ते मोठे खेकडे, घरासाठी ठेवून घेतल्या होत्या. खोबरं भाजून, तिरफळ घालून केलेल्या त्या रश्शाकडे मयुरी बघतसुद्धा नव्हती.

"तुमच्यो कश्यो?" दर्शना हसत म्हणाली. "मीच धरलंय सकाळी. सातवणच्या खाडीत."

"धरलंस तू. पण आसत आमच्यो." मयुरीचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "करंजणात कुर्ली दिसना नाय. आणि तुमच्याकडे रोज पेट्ये भरतत. मधी एक कासवनाकाचो खडक सोडल्यास काय आसा? तुमची माणसां आमच्या खाडीत सापळे लावतत."

"कोणी बघितल्यानी?"

"बघितला नाय. पण कळता."

"म्हणजे माका चोर म्हणतंस."

"तुका नाय. तुमच्या गावाक म्हणतंय."

"मी ह्याच गावची आसंय."

"म्हणूनच जेवूक नाय मी," मयुरी म्हणाली. तिने हात धुतले आणि दुपारच्या गाडीने ती निघूनही गेली. तिने आणलेली काकडी आणि पडवळ ओट्यावर तसेच राहिले.

दर्शनाचा नवरा गुरुनाथ बाहेर पडवीत सापळ्यांच्या दोऱ्या बदलत बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "जळतत ते," तो मान वर न करता म्हणाला. "आपली खाडी मेली तेव्हा करंजणचो कोण इचारूक इल्लो?"

ते खरंच होतं. सातवणची खाडी लागोपाठच्या कडक उन्हाळ्यांत मेली. पाणी एवढं तापलं, की एका वैशाखात कांदळवनाच्या मुळांशी कुर्ल्या उलट्या पडलेल्या सापडल्या. नंतर झाडंही वाळली. त्या वर्षापासून गाव रिकामं होत गेलं. गुरुनाथ गोव्यात एका मोठ्या हॉटेलच्या दारावर पहारेकरी म्हणून उभा राहिला. दर्शना तिथेच खोल्या झाडायला गेली आणि वर्षभरात परत आली, कारण बंद खोलीतली गार हवा तिला सोसेना. मुलगी ओवी रत्नागिरीच्या वसतिगृहात राहून मत्स्यशास्त्र शिकत होती. तिघं तीन ठिकाणी.

मग वासाचे डबे आले.

संशोधन केंद्राने पाठवलेल्या डॉ. तस्नीम नाखवांनी मच्छीमार सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांना बसवून समजावलं होतं. कुर्लीची मादी अंडी पोटाशी धरून खाडीतून बाहेर पडते आणि खोल समुद्रात जाते. अंडी तिथेच फुटतात. मोहरीहून बारीक पिल्लं काही आठवडे लाटांबरोबर वाहत राहतात, रूपं बदलतात, आणि शेवटी शेपूट आणि इवल्या नांग्या असलेला एक जीव तयार होतो. त्याला घर शोधायचं असतं. डोळ्यांनी ते सापडत नाही. सापडतं ते वासाने. कुजलेल्या कांदळाच्या पानांचा, चिखलाचा आणि त्या चिखलात आधीपासून राहणाऱ्या मोठ्या कुर्ल्यांचा मिळून एक वास ओहोटीबरोबर समुद्रात उतरतो. पिल्लाला तो लागला, की ते पुढच्या भरतीवर स्वार होऊन आत शिरतं.

"तुमच्या खाडीत पुन्हा कांदळ लावली, पाणी सुधारलं, तरी कुर्ल्या आल्या नाहीत," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "कारण खाडीला आता वासच नाही. पिल्लं दारावरून जातात, पण आत दिवा नाही असं समजून पुढे निघून जातात."

तो दिवा म्हणजे ते डबे. खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या तरंगत्या डब्यांची एक रांग. आत प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू, जे तोच वास तयार करतात. आणि एक झडप, जी ओहोटी लागली की ठरवून दिली असेल तेवढी उघडते. पिल्लं फार मोठ्या संख्येने समुद्रात वाया जातात, त्यातली थोडी आपण बोलावून घेऊ, कोणाचं काही जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गावातल्या बऱ्याच जणांना तेव्हा ते पटलं नव्हतं. सोसायटीचा चेअरमन बाबली तांडेल तर म्हणाला होता, "पाण्यात औषध ओतून उद्या आमचीच पोरां आजारी पडतली."

पहिल्या वर्षी फारसं काही झालं नाही. दुसऱ्या वर्षापासून कुर्ल्या अशा आल्या, की बाबली तांडेलने शेडला नवा रंग दिला. कुर्ल्यांच्या ओल्या पेट्या घेऊन ड्रोन थेट विमानतळाकडे उडायला लागले. गुरुनाथने हॉटेलचा गणवेश परत केला. आणि ओवी शिक्षण संपवून डॉक्टरांच्याच प्रकल्पावर लागली, डब्यांची देखभाल करायला. तिघं पुन्हा एका छपराखाली आली.

म्हणून मयुरीचा शब्द दर्शनाच्या जिव्हारी लागला. आणि म्हणूनच तो मनातून जाईना. तिने शेजारपाजारचे चेहरे निरखायला सुरुवात केली. कोण पहाटे होडी काढतो, कोणाचे सापळे ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त आहेत, कोण कासवनाकाच्या दिशेने जातो. मग तिला वाटलं, करंजणचीच माणसं बनाव करत असतील. उद्या सोसायटीत वाटा मागायला. आपली सख्खी बहीण आपल्याशी खोटं बोलत असेल, असं मनात आलं त्या दिवशी तिने गुरुनाथला न सांगता होडी काढली.

करंजणच्या खाडीत शिरताच काठावरच्या गप्पा थांबल्या. जाळं विणणाऱ्या एका बाईने फोन वर धरून तिच्या होडीचा फोटो काढला, लपवूनही नाही. मयुरी धक्क्यावर आली, पण "ये" म्हणाली नाही.

"बघूक इल्लंय," दर्शना म्हणाली.

"बघ."

दोघी गुडघाभर चिखलात उतरल्या. इथली कांदळ दाट होती. ही खाडी सातवणसारखी कधी मेलीच नव्हती. मयुरीने एका बिळात आकडी घातली आणि ओढून काढला तो जुना, काळपट नर. पाठीवर शिंपल्यांचे खडे चिकटलेले. दुसऱ्या बिळात तसाच. बरीच बिळं मात्र गाळाने बुजलेली होती.

दर्शना चालत राहिली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटून थांबली. चिखलात पाय पडला, की नखाएवढी पिल्लं चारी बाजूंना पळत सुटतात. लहानपणी दोघी बहिणी त्यांना दचकवण्यासाठी मुद्दाम पाय आपटायच्या. तिने आताही पाय आपटला. काहीच हललं नाही.

"बारकी खय गेली?"

"ताच तर इचारतंय."

"मयुरी, चोर मोठ्यो नेतलो. बारकी नेऊन काय करतलो तो?"

मयुरीने हातातली आकडी चिखलात रोवली. हा विचार तिलाही आला असावा. पण चोर नाही म्हटलं तर मग राग धरायचा कोणावर? "माका ठावक नाय," ती शेवटी म्हणाली. "तू सांग. डबे तुमच्याकडे आसत."

परतताना कासवनाकाचा खडक वळसा घालून सातवणची पांढरी रांग दिसली तेव्हा दर्शनाला पहिल्यांदा त्या डब्यांची भीती वाटली.

डॉ. नाखवा केंद्राच्या लहानशा इमारतीत राहत. दर्शना गेली तेव्हा त्या बाहेरच्या टाकीत पाण्याचं तापमान बघत होत्या. दर्शनाने आडून विचारायचं ठरवलं होतं, पण बोलायला तोंड उघडलं आणि सरळच आलं. "मॅडम, करंजणची पिल्लं आपण खेचतोय का?"

डॉक्टरांनी लगेच नाही म्हटलं नाही. दर्शनाच्या मनात पाल चुकचुकली: या बाईला माहीत आहे.

"आपण जेवढा वास सोडतो तो कासवनाकाच्या अलीकडेच विरतो," डॉक्टर म्हणाल्या. "ठरवलेल्या ताकदीला तो पलीकडे पोचूच शकत नाही."

"आणि ताकद जास्त असेल तर?"

"तर पिल्लाला दोन दिवे दिसतील. एक खरा, मंद. एक आपला, भगभगीत. ते कुठे जाईल?" त्यांनी टाकीवर झाकण ठेवलं. "दर्शनाताई, मलाही यंदाचे आकडे जरा जास्तच चांगले वाटत होते. पण चांगल्या आकड्यांवर कोण संशय घेतं? मी मोजणी फक्त खाडीच्या आत केली. बाहेर गेलेच नाही."

"आता जाऊ या. माझी होडी आहे."

डॉक्टरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. ही बाई गावाची हेर म्हणून आली आहे की बहिणीची, हे त्या ताडून बघत असाव्यात. दर्शनाही त्यांना ताडत होती. यंत्र यांचं, ते वाचणाऱ्याही याच. खोटं सांगितलं तर कोणाला कळणार?

विजेवरची होडी आवाज न करता खाडीबाहेर पडली. डॉक्टरांच्या मांडीवर हाताएवढं यंत्र होतं, त्याची नळी पाण्यात. "यात कुर्लीचं नाक आहे असं समजा," त्या म्हणाल्या. "तिच्या पुढच्या मिशांमध्ये वास ओळखणारी प्रथिनं असतात. तीच आम्ही या चकतीवर बसवली आहेत. वास लागला की पट्ट्या पेटतात. कासवनाकाशी एकही पेटायला नको."

"मला दिसेल असं धरा," दर्शना म्हणाली.

डॉक्टर किंचित हसल्या आणि यंत्र दोघींच्या मध्ये धरलं.

डब्यांच्या रांगेजवळ सगळ्या पट्ट्या लाल झाल्या. पुढे गेल्यावर त्या कमी होतील म्हणून दर्शना बघत राहिली. खडकाशी लाटा फुटत होत्या. पट्ट्या अजून तशाच. होडी कासवनाकाला वळसा घालून पलीकडे गेली, समोर करंजणची कांदळ दिसायला लागली, तेव्हा कुठे एक पट्टी विझली. एकच.

डॉक्टरांचा चेहरा उतरला होता, आणि तो उतरलेला चेहरा खरा आहे हे दर्शनाला पटलं. पण पटल्याने हलकं वाटलं नाही. संशय एका जागेवरून उठला होता, आणि आता तो कुठे बसणार ते तिला दिसायला लागलं होतं.

"झडपा कमी-जास्त करायचा सांकेतिक शब्द कोणाकडे असतो?" तिने विचारलं.

"माझ्याकडे," डॉक्टर म्हणाल्या. मग थांबून, "आणि ओवीकडे."

"बाबलीकडे नाही?"

"नाही."

होडी लाटांवर हलत राहिली. "घटस्थापनेच्या उधाणाला पिल्लं आत येतील," डॉक्टर म्हणाल्या. "वर्षातला मोठा लोंढा. त्याआधी झडपा कमी व्हायलाच हव्यात, पण तोपर्यंत मी केंद्राला कळवत नाही. त्यानंतर मला कळवावंच लागेल. तुम्ही आधी घरी बोला." त्यांनी ते हळुवारपणे सांगितलं, आणि तेच दर्शनाला सहन झालं नाही.

ओवी धक्क्याच्या उतारावर बसून एका डब्यावरचं शेवाळ खरवडत होती. दर्शना तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. लेकीला असं चोरून बघण्याची वेळ आजवर तिच्यावर आली नव्हती. तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. ओवी दोन दिवाळ्या मावशीकडे गेली नव्हती. मयुरी आली, की तिला कामं निघत. करंजणचं नाव निघालं, की ती फोन हातात घेत असे.

"ओवी, झडपा किती उघडल्यास?"

खरवडणारा हात थांबला. वसतिगृहात राहून आल्यापासून ओवी शहरातल्यासारखं बोलायची. ती शांतपणे म्हणाली, "मावशीने पाठवलं तुला?"

"माका कोणी पाठवूक नाय. मी कासवनाकाक जाऊन इल्लंय. मॅडमांबरोबर."

ओवीने ब्रश खाली ठेवला. "आधी थोडंसंच वाढवलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी काहीच आलं नाही, आठवतं? बाबलीकाका म्हणत होते, डबे काढून फेका. बाबा गोव्याहून फोन करायचे आणि काय बोलावं ते न कळून ठेवून द्यायचे. मी तेव्हा इथे शिकाऊ म्हणून आले होते. मला वाटलं, मॅडमनी ताकद घाबरत घाबरत ठरवलीय. जरा वाढवून बघू. पिल्लं आली. मग अजून वाढवली. बाबा परत आले. तू सकाळी होडीवर गाणं म्हणायला लागलीस. आई, तू कधी गात नव्हतीस."

"आणि मयुरीचा काय?"

"समुद्र केवढा मोठा आहे! मी म्हटलं, एवढ्याने काय होतंय."

"तू थय जाऊन बघितलंस?"

ओवीने ब्रश पुन्हा उचलला.

"म्हणजे तुका ठावक होता. म्हणूनच बघूक गेलंस नाय."

ओवीचे डोळे भरले, पण ती रडली नाही. "मग काय करायचं होतं मी? सांग ना. तुम्ही दोघं पुन्हा परक्याच्या दारात उभी राहिलेली बघायची?"

दर्शनाला लेकीचा राग आला होता आणि त्या रागाच्या खाली काहीतरी ओलसर, लाजिरवाणं होतं. कारण मागचं वर्ष तिने सुखाने खाल्लं होतं, आणि कुठून आलं ते एकदाही विचारलं नव्हतं. "कमी कर," ती म्हणाली. "आज."

"कमी केलं तर यंदाचा लोंढा निम्म्याने येईल. सोसायटीने वर्षभराचा माल कबूल केलाय. सगळे विचारतील का झालं. मग?"

"मगे सांगूक लागतला."

"माझं नाव?"

दर्शना घराकडे निघाली.

गुरुनाथला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ दोरीची गाठ सोडत राहिला. गाठ सुटतच नव्हती. "कोणाक सांगू नको," तो म्हणाला. "पोरीचा नाव खराब होतला."

"आणि मयुरीची खाडी?"

"तुका बहीण होयी काय घर?"

"माका दोन्ही होया," दर्शना म्हणाली, आणि आपला आवाज आपल्यालाच पोकळ वाटला.

घटस्थापनेच्या आधी सोसायटीची बैठक होती. नव्या रंगाच्या शेडमध्ये बाबली तांडेल हंगामाच्या तयारीबद्दल बोलत होता. दर्शना उभी राहिली. तिने डब्यांची ताकद वाढलेली आहे, वास करंजणपर्यंत जातो, आपण खातो त्यातल्या पुष्कळ कुर्ल्या तिकडच्या वाट्याच्या आहेत, एवढंच सांगितलं. कोणी वाढवली हे नाही सांगितलं. सांगायचं ठरवून आली होती. ऐन वेळी जीभ वळली नाही.

शेडमध्ये एकदम कल्ला झाला.

"हिची बहीण करंजणात आसा!"

"मॅडमनी हिका फितवल्यानी. प्रकल्प थय हलवूचो आसतलो."

"कोणी वाढवल्यान ता सांग!"

बाबलीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो वाईट माणूस नव्हता. गाव उठून जाताना त्याने पाहिलं होतं. "दर्शना," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "वाढवली आसात कोणी तर त्याचा भला होऊ दे. समुद्र कोणाच्या बापाचो नाय. पिल्लां येतत ती आपल्या पायांनी येतत. आपण कोणाच्या बिळात हात घालूक नाय."

काही जण हसले. गुरुनाथ भिंतीला टेकून उभा होता, खाली बघत.

तेव्हा मागच्या बाजूने ओवी म्हणाली, "मी वाढवली होती."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"आणि आज सकाळी मीच कमी केली. मॅडमनी ठरवली होती तेवढी. सांकेतिक शब्दही मॅडमना बदलायला लावलाय. आता मला तो माहीत नाही. कोणी कितीही सांगितलं तरी मला वाढवता येणार नाही." ती एका दमात बोलली, पाठ केल्यासारखं. मग आईकडे बघून म्हणाली, "मी करंजणला जाऊन आले. मावशीने दारात उभं केलं नाही. चिखल तेवढा बघू दिला."

दर्शना जागच्या जागी खाली बसली. कल्ला पुन्हा उसळला होता, बाबली टेबलावर हात आपटत होता, पण तिला फक्त ओवीचे पाय दिसत होते. पोटऱ्यांपर्यंत चिखलाचा पातळ राखाडी थर वाळून तडकला होता.

त्यानंतर जे झालं ते कोणालाच मनासारखं झालं नाही. डॉक्टरांनी केंद्राला खरं ते कळवलं, त्यात स्वतःची हयगयही कळवली. ओवीची नोकरी गेली. डॉक्टरांना खुलासे द्यावे लागले आणि प्रकल्प बंद होता होता राहिला, तोही एका अटीवर: वासाची मोजणी दर उधाणाला कासवनाकाशी व्हायची. सातवणात यंदा कुर्ल्या आल्या, पण बेताच्या. सोसायटीला कबूल केलेला माल पुरवता आला नाही. दिवाळीनंतर गुरुनाथ गोव्याला गेला. जाताना तो दर्शनाला दोष देणारं काही बोलला नाही. बोलला असता तर बरं, असं तिला वाटत राहिलं. ओवी घरीच होती, पण मुकी. एके दिवशी ती म्हणाली, "मी तुझ्याबरोबर सापळे लावायला येते," आणि दोघी गेल्या. होडीवर कोणी गायलं नाही.

मोजणी करणार कोण, यावर मात्र दोन गावांत मोठं वाजलं. करंजणची माणसं म्हणाली, मॅडम सातवणच्या बाजूला राहतात, त्यांचा भरवसा नाही. सातवणची म्हणाली, करंजणचे लोक मुद्दाम जास्त आकडा सांगून आमचे डबे बंद पाडतील. डॉक्टर शेवटी वैतागून म्हणाल्या, "मग दोन्हीकडचं एकेक माणूस माझ्याबरोबर होडीत बसू दे, आणि दोघांनी आकडा मोठ्याने वाचायचा. जुळला तरच खरा." सातवणने दर्शनाचं नाव दिलं, कारण एवढ्या भानगडीनंतर ती खोटं बोलणार नाही असं काहींना वाटत होतं, आणि बाकीच्यांना तिला त्या उन्हात बसवून शिक्षा द्यायची होती. करंजणने मयुरीचं नाव दिलं. का दिलं ते दर्शनाला कळलं नाही. बहुधा स्वतःच्या बहिणीला सगळ्यांत कमी फसणारी बाई तीच म्हणून.

मार्गशीर्षातल्या उधाणाला तिघी पहिल्यांदा निघाल्या. मयुरी होडीत चढली ती पुढच्या टोकाला जाऊन बसली. तब्येत कशी आहे, घर कसं आहे, काही विचारलं नाही. डॉक्टरांनी नळी पाण्यात सोडली. डब्यांच्या रांगेशी लाल पट्ट्या पेटल्या. मग होडी पुढे सरकली तशा एकेक विझत गेल्या. कासवनाकाच्या खडकाशी शेवटची लुकलुकली आणि गेली.

"काय नाय," दर्शना मोठ्याने म्हणाली.

मयुरी उठून मागे आली. होडी हेलकावली तेव्हा तिने दर्शनाच्या खांद्याचा आधार घेतला आणि लगेच सोडला. तिने यंत्र स्वतःच्या हातात घेतलं, उन्हाला पाठ करून पडद्यावर ओंजळीची सावली धरली, आणि बराच वेळ बघत राहिली.

"काय नाय," ती म्हणाली.

डॉक्टर नळी ओढून घ्यायला लागल्या.

"थांबा," मयुरी म्हणाली. "आणि थोडा पुढे चला. आमच्या बाजूक."

दर्शनाने काही न विचारता सुकाणू वळवलं. करंजणच्या पाण्यात तिने होडी थांबवली आणि दोघी बहिणी यंत्रावर वाकल्या, डोक्याला डोकं लागेल एवढ्या जवळ. एकही पट्टी पेटली नव्हती.

"परत बघ," मयुरी म्हणाली.

दर्शनाने परत बघितलं.